आईला घेऊन लिस्बनला

आमचं घर वसईच्या किल्ल्यापासून सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर. आई शाळेत इतिहास-भूगोल शिकवायची आणि दर हिवाळ्यात वर्गातल्या पोरांची रांग करून त्यांना किल्ल्यात न्यायची. "पोर्तुगीज आले कुठून, बाई?" असं कुणीतरी विचारायचंच. मग शाळेत परतल्यावर नकाशा उलगडून ती युरोपच्या पार डाव्या कडेला, समुद्राला लागून असलेल्या एका ठिपक्यावर बोट ठेवायची. लिस्बन. एवढी वर्षं बोट ठेवलं, आता एकदा पायही ठेवायचाय, असं ती निवृत्त झाल्यापासून म्हणत होती. बाबा गेल्यानंतर तेही म्हणायची थांबली. तेव्हा मी रजा टाकली आणि दोघींचे व्हिसाचे कागद जमवायला लागले.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही. इस्तंबूलला विमान बदलून संध्याकाळी उतरलो तेव्हा बाहेर काळोख झाला होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात, त्यामुळे सूर्य साडेपाचच्या सुमारालाच मावळतो. आपल्यात आणि त्यांच्यात साडेपाच तासांचा फरक.

राहायची जागा शहराच्या जुन्या मध्यभागात, बायशा नावाच्या सखल वस्तीत, चौथ्या मजल्यावर. बुकिंग करताना लिफ्ट आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. लिफ्ट नव्हती. आईचे गुडघे दुखरे, आणि जिना असा की एका वेळी एकच माणूस चढेल. ती प्रत्येक मजल्यावर थांबून, भिंतीला हात लावून चढली. मला फार वाईट वाटलं. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढं करावंच: बुकिंगच्या आधी लिफ्टबद्दल निरोप पाठवून लेखी उत्तर मागवून घ्यावं.

बुधवार, १ नोव्हेंबर

सकाळी घंटांनी जाग आली. एका चर्चची थांबली की दुसऱ्याची, मग टेकडीवरून तिसऱ्याची. आई खिडकी उघडून ऐकत बसली होती. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. "नाशिकला ऐकला तोच आवाज," आई म्हणाली. धातूच्या आवाजाचं मला फारसं कळत नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून खरं वाटलं.

१ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, आणि लिस्बनच्या इतिहासातला सगळ्यात काळा दिवसही हाच. १७५५ साली याच तारखेला, सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमाराला, लोक प्रार्थनेसाठी चर्चमध्ये दाटीवाटीनं जमलेले असताना भूकंप झाला. भिंती कोसळल्या. वाचलेले लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठाकडे धावले, तर थोड्या वेळात समुद्राच्या लाटा नदीतून आत शिरल्या. सणासाठी लावलेल्या मेणबत्त्या आणि घराघरातल्या चुली यांतून पेटलेली आग पुढे कितीतरी दिवस विझली नाही.

हे सगळं जिथे घडलं त्या चौकात आम्ही त्याच वेळेला जाऊन उभ्या राहिलो. प्रासा दु कोमेर्सिउ, म्हणजे व्यापारचौक. तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या लांबलचक इमारती आणि चौथ्या बाजूला थेट पाणी. नदीचं नाव तेजू. आपण भूगोलात टेगस शिकलो ती हीच. पात्र इतकं रुंद की समोरचा काठ धुरकट दिसतो. पाण्यात उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्या आहेत आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन खांब उभे. इथले जुने लोक या चौकाला अजून 'राजवाड्याचं पटांगण' म्हणतात, कारण भूकंपापूर्वी राजवाडा इथेच होता. त्याला लागून भारताच्या व्यापाराचा सगळा कारभार पाहणारी कचेरी. राजाचं ग्रंथालय, कचेरीतली दप्तरं, सगळं त्या दिवशी गेलं.

इथे आईनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. घारापुरीच्या लेण्यांत एक शिलालेख होता. पोर्तुगिजांनी तो काढून इथे, राजा तिसरा जुआंव याच्याकडे पाठवला. गोव्यातला इतिहासकार दियोगु दु कोतु यानं ते लिहून ठेवलंय. राजाच्या माणसांना तो वाचता आला नाही, आणि पुढे तो दगड कुठे गेला याचा पत्ताच लागला नाही. घारापुरीची ती त्रिमूर्ती कुठल्या राजाच्या काळात कोरली गेली यावर अभ्यासक आजही वाद घालतात, कारण ठाम सांगणारा लेख हाताशी नाही. "तो दगड असता तर मुलांना एक सरळ वाक्य सांगता आलं असतं," आई म्हणाली. ती पटांगणभर फिरून फरशीकडे बघत होती. मीही बघू लागले.

भूकंपानंतर राजा पहिला जुझे छपराखाली झोपायलाच घाबरू लागला. कित्येक वर्षं दरबार टेकडीवरच्या तंबूंत आणि लाकडी घरांत भरत होता. शहर पुन्हा उभं केलं ते त्याचा मंत्री पोंबाल यानं. जुन्या बोळांच्या जागी सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आखले आणि त्यांना धंद्यांची नावं दिली: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, जोडे शिवणाऱ्यांचा रस्ता. घरांच्या भिंतींत लाकडाचे आडवे, उभे आणि तिरके वासे जोडून पिंजरा बसवला, म्हणजे जमीन हलली तर दगडमाती पडेल पण सांगाडा उभा राहील. तो पिंजरा टिकतो का हे पाहायला त्याचा नमुना याच पटांगणात उभा करून आजूबाजूनं सैनिकांना पाय आपटत चालवलं होतं. आम्ही राहत होतो तीही अशीच पोंबालच्या आराखड्यातली इमारत. रात्री जिन्याची लाकडं कुरकुरायची, त्याचा राग नंतर आला नाही.

दुपारी चौकाजवळच्या आर्सेनालच्या रस्त्यावर शिरलो आणि आई थबकली. वास! सुक्या मासळीचा. दुकानाबाहेर खारवलेल्या कॉड माशाची मोठमोठी फळकुटं रचून ठेवलेली. त्याला बाकाल्याव म्हणतात. मासा उत्तरेच्या थंड समुद्रातला, पण त्याच्यावाचून पोर्तुगिजांचं पान हलत नाही. आईनं एक तुकडा उचलला, बोटानं ठोकला, वासावरून खारवण तपासली आणि दुकानदाराकडे बघून मान डोलावली. त्यानं हातानं खुणा करून सांगितलं की हे एक-दोन दिवस पाण्यात भिजत घालायचं आणि पाणी बदलत राहायचं. "सांगायला नको," ती मला मराठीत म्हणाली. वसईच्या बाजारात सुकं घेणारी बाई आहे ती.

जेवायला बसलो की वेटर न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवतो. ते फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर आधीच परत पाठवायचं. आम्ही पाव ठेवून घेतला. जाड सालीचा, आतून मऊ, किंचित आंबूस. आमच्या शेजारी वाडवळी बोलणाऱ्या ख्रिस्ती मावशी आहेत, त्यांच्याकडे नाताळात जो पाव असतो त्याची आठवण झाली. घरमालकीण संध्याकाळी म्हणाली की आजच्या दिवशी मुलं पिशव्या घेऊन दारोदार 'पांव पुर देउश' म्हणत जायची, देवाच्या नावानं पाव द्या. गावाकडे अजून जातात. आईनं वहीत 'पांव' हा शब्द लिहिला आणि त्याखाली 'पाव' लिहिलं.

गुरुवार, २ नोव्हेंबर

रात्री पाऊस पडून गेला होता. लिस्बनचे पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या दगडाच्या लहान लहान तुकड्यांचे, हातानं ठोकून बसवलेले. रोसिउ चौकात त्याच्या अशा लाटा काढल्यात की डोळ्यांना जमीन हलतेय असं वाटतं. दिसायला अतिशय सुंदर, पण वर्षानुवर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेले. ओले असले की साबण लावल्यासारखे. आईचा पाय घसरला आणि ती गुडघ्यावर बसलीच. माझ्या पोटात गोळा आला. चेस्टनट भाजणारा एक माणूस गाडा सोडून धावत आला, तिला उठवलं, गाड्याजवळच्या खोक्यावर बसवलं. समोर हिरव्या क्रॉसची पाटी असलेलं औषधाचं दुकान होतं. तिथल्या मुलीनं मलम आणि पट्टी दिली. थोड्या वेळानं आई चालू लागली, पण त्या दिवसापासून मी तिचा हात सोडला नाही. रबरी तळव्याचे बूट न्या.

रोसिउच्या उत्तर टोकाला आज नाट्यगृह आहे. त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनची कचेरी होती, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध वागणाऱ्यांवर खटले चालवणारी धर्मसमीक्षण सभा. गोव्यातली सभा १५६० साली बसली आणि १८१२ साली कायमची उठली. तिच्या वरची सभा इथे, या चौकात. जवळच सांव दोमिंगुशचं चर्च आहे. बाहेर १५०६ साली मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक. आत गेलो तर खांब भाजलेले, तडकलेले. १९५९ मध्ये इथे मोठी आग लागली, आणि दुरुस्ती करताना त्या खुणा मुद्दाम पुसल्या नाहीत. दगडाचे पापुद्रे सुटलेत, छत मात्र नवं, विटकरी रंगाचं. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस, म्हणून शेकडो मेणबत्त्या पेटल्या होत्या. तेवढ्यात शेजारच्या मावशींनी वसईहून दफनभूमीचा फोटो पाठवला: झेंडूच्या माळा, मेणबत्त्या आणि पांढरे क्रॉस. आई फोनमधला फोटो आणि समोरच्या मेणबत्त्या आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनंही एक लावली. बाबांसाठी, असं ती म्हणाली नाही. मला कळलं.

दुपारी चढ चढून कार्मुच्या मठात गेलो. इथे मला सावकाश लिहायला हवं.

कार्मुचं चर्च १३८९ साली नुनु आल्वारिश परैरा या सेनापतीनं बांधायला घेतलं. १७५५ च्या भूकंपात त्याचं छत कोसळलं. पुढे दुरुस्ती सुरू झाली, पण १८३४ मध्ये पोर्तुगालमधले मठच बंद झाले आणि काम थांबलं ते थांबलंच. आज तुम्ही दारातून आत जाता आणि वर आकाश. दोन्ही बाजूंना उंच खांब, खांबांवरून टोकदार कमानी एका पाठोपाठ एक निघतात आणि त्यांच्यावर काहीच नाही. खाली गवत. भिंतीलगत कोरीव दगड आणि थडग्यांच्या शिळा मांडलेल्या. कबुतरं या कमानीवरून त्या कमानीवर.

आम्ही दोघी दारातच उभ्या राहिलो. हे तर आमचं रोजचं! वसईच्या किल्ल्यातली बहुतेक चर्च अशीच आहेत: छत नाही, कमानी उभ्या, खाली गवत, फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या फरशा. लहानपणी आम्ही त्या अक्षरांवर खडू फिरवायचो. फरक एवढाच की आमच्याकडे भिंतींतून वड-पिंपळ वाढलेत, आणि इथे गवताची कड कात्रीनं कापल्यासारखी आहे. वसई पोर्तुगिजांकडे १५३४ ते १७३९ होती. चिमाजी अप्पांच्या वेढ्यानंतर मे महिन्यात त्यांनी किल्ला सोडला, बायकामुलांसह मानानं बाहेर पडू दिलं त्यांना. म्हणजे वसईची चर्च ओस पडली आणि सोळा वर्षांनी राजधानीतलं हे चर्च कोसळलं. वसईहून निघालेल्यांपैकी कुणी तोवर इथे पोचलं असेल का, आणि त्या सकाळी इथे असेल का, हा विचार माझ्या मनातून दिवसभर गेला नाही.

आई एका खांबाला टेकून बसली. म्हणाली, "मी पोरांना सांगायचे, हे आपण जिंकलं. खरंच आहे ते. पण पडकं झालेलं देऊळ बघून कुणाला तरी वाईट वाटत असेल, हे मी कधी सांगितलं नाही." मी काही बोलले नाही. तिथे तिकीट तपासणाऱ्या बाईंना मी फोनमधले वसईचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा काढून जवळून पाहिले आणि सहकाऱ्याला हाक मारली. दोघांनी विचारलं, हे कुठलं? मी पोर्तुगिजांचं नाव सांगितलं, 'बासाइं'. त्यांना ते माहीत नव्हतं. आमच्या गावाचं नाव त्या दोघांपर्यंत पोचलं याचं मला खूप समाधान वाटलं.

बाहेरच्या चौकात जॅकरांडाची झाडं आणि पाण्याचं जुनं कारंजं. २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाहीचा शेवटचा प्रधान मार्सेलु कायतानु इथल्याच बराकीत दडला होता. बाहेर सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची लाल फुलं खोचली आणि त्यानं सत्ता सोडली. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, पण पोर्तुगालनं ते मान्य केलं या क्रांतीनंतरच, १९७४ च्या शेवटच्या दिवशी करार करून. गोव्याला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसानं या लहानशा चौकात पाच मिनिटं तरी बसावं.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

१५ नंबरच्या ट्रामनं बेलेंला. इथूनच ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची गलबतं निघाली. १५०१ मध्ये राजा मानुएलनं इथे जेरोनिमुश मठ बांधायला घेतला, आणि पैसा आला तो पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. त्याला लोक मिरीचा विसावा भाग म्हणत. मलबारच्या मिरीवर उभा राहिलेला हा मठ. चुनखडीचा दगड उन्हात मधासारखा दिसतो आणि त्यावर जहाजाचे दोर, गाठी, शिंपले, पोवळी कोरलेली. कलाकुसर इतकी बारीक आहे की आपल्याकडचे शिसवी देव्हारे आठवावेत.

आत शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची समाधी. तो मेला कोचीनला, १५२४ च्या डिसेंबरात. पुढे अस्थी पोर्तुगालला आणल्या आणि १८८० मध्ये इथे ठेवल्या. संगमरवरी पुतळा हात जोडून निजलेला, बाजूला गलबत कोरलेलं. लोक फोटो काढत होते. आई थोडी लांबच उभी राहिली. पुस्तकात 'भारताचा जलमार्ग शोधला' असं एक वाक्य असायचं. १५०२ साली याच माणसानं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं, हे पुस्तकात नसायचं. ती वर्गात आपल्या पदरचं सांगायची. "आज त्याच्यापुढे उभी राहून सांगितलं," ती म्हणाली. तिनं मनात काय म्हटलं ते मी विचारलं नाही.

मुख्य वेदीपाशी तिला आणि मला एकदमच दिसले ते हत्ती. राजा मानुएल आणि राणीच्या शवपेट्या दगडी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात. सोंड खाली, कान मागे, ओझं पेलून उभे. ज्यांनी ते घडवले त्यांनी हत्ती नीट पाहिला असणार. घारापुरीच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांना दगडी हत्ती दिसला म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. तो हत्ती आता राणीच्या बागेत आहे. लहानपणी आई मला तिथे न्यायची.

नदीकडेनं चालत बेलेंच्या बुरुजाकडे गेलो. १५१४ ते १५१९ मध्ये बांधलेला, अर्धा पाण्यात. सगळे त्याचा फोटो समोरून काढतात. आम्ही मात्र बाजूला जाऊन एका कोपऱ्यातल्या छोट्या मनोऱ्याच्या तळाशी नजर लावून बसलो, कारण तिथे एक गेंडा आहे. दगड झिजलाय, शिंग जवळजवळ गेलंय, पण जाड मान, वळ्या पडलेली कातडी आणि डोकं ओळखू येतं.

त्याची गोष्ट अशी. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह यानं हा गेंडा पोर्तुगिजांचा गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला. त्यानं तो राजाला पाठवला. गोव्याहून जहाजात बसवून, भात खायला घालत, चार महिन्यांचा प्रवास करून २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपनं जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. न्युरेम्बर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूररनं नुसतं एक रेखाचित्र आणि वर्णन वाचून त्याचं चित्र लाकडावर कोरलं. पुढे दोनेकशे वर्षं युरोप गेंडा म्हणून तेच चित्र बघत राहिलं. राजानं त्याला पोपकडे नजराणा म्हणून पाठवलं, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडानं बांधलेला तो, पोहता येत असूनही बुडाला. पोर्तुगीज कागदांत त्याचं नाव 'गंडा'. आपलाच शब्द त्याच्याबरोबर इथवर आला होता. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. बेलेंमध्ये मला सगळ्यात जवळचा वाटला तो हा.

जवळच दर्यावर्दींचं उंच स्मारक आहे, १९६० चं. जहाजाच्या नाळेवर राजपुत्र हेन्री आणि मागून चढणारे तेहतीस जणांतले बाकीचे. बाई एकच. वास्को द गामाला आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतची वाट दाखवणारा वाटाड्या त्यात नाही. आम्ही फार थांबलो नाही.

बेलेंची अंड्याच्या बलकाची ती सुप्रसिद्ध छोटी पेस्ट्री १८३७ पासून एकाच दुकानात मिळते. गरम असताना वर दालचिनीची पूड भुरभुरायची. रांग मोठी दिसते पण आत बसायला भरपूर जागा आहे, रांगेला घाबरू नका.

शनिवार, ४ नोव्हेंबर

सकाळी लवकर २८ नंबरची पिवळी ट्राम धरली, कारण दहानंतर तिच्यात शिरायलाही जागा नसते आणि खिसेकापूंचा सुळसुळाट असतो. लाकडी बाकं, पितळी मुठी. आल्फामाच्या चढावर ती भिंतीला इतकी घासून जाते की हात बाहेर काढला तर कुणाच्या दाराची कडी वाजवता येईल. आल्फामा ही अरबांच्या काळातली वस्ती, खडकावर बसलेली, म्हणून भूकंपातून पुष्कळशी वाचली.

मंगळवारी आणि शनिवारी सांता क्लाराच्या पटांगणात 'फैरा द लाद्रा' भरते. नावाचा अर्थ लोक 'चोरणीचा बाजार' असा सांगतात. आमच्या मुंबईत चोरबाजार आहेच. जमिनीवर चादरी पसरून जुन्या फरशा, घड्याळं, पोस्टकार्डं, बाहुल्या. एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे लोखंडी किल्ल्यांचं खोकं होतं. आईनं एक उचलली आणि सवयीनं म्हणाली, "चावी."

त्यानं वर बघितलं. "शाव्?"

"चावी."

"शाव्!" तो हसला. आईला चेव आला. शेजारची रिबिनींची गुंडी दाखवून ती म्हणाली, "फीत." तो म्हणाला, "फीता." मग त्यानं कोपऱ्यातली जस्ताची बादली उचलली. आई म्हणाली, "बालदी." तो म्हणाला, "बाल्द!" आजूबाजूचे दोन विक्रेते येऊन उभे राहिले. साबण, मेज, अननस, बटाटा, पगार, लिलाव. लिलाव म्हटल्यावर ते तिघंही थक्क झाले, कारण त्यांचा 'लैलांव' तोच. आईनं जमिनीवरचं एक लाकडी पसरट भांडं दाखवून "घमेलं" म्हटलं, तर म्हाताऱ्यानं "गामेला" म्हणत कपाळाला हात लावला. चाळीसेक वर्षं शिकवलेली बाई ती, तिचा चेहरा भरलेल्या वर्गासमोर असतो तसा झाला होता. त्यानं चावीचे पैसे घ्यायला नकार दिला. आईनं दोन युरो त्याच्या चादरीवर ठेवलेच.

पटांगणाशेजारी सांव व्हिसेन्तचा मठ. मठाच्या जुन्या भोजनगृहात ब्रागांझा घराण्याच्या राजाराण्यांच्या शवपेट्या आहेत, भिंतीशी ओळीनं लावलेल्या, साध्या दगडी. त्यांत एक राजकन्या कॅथरिन. २३ जून १६६१ च्या करारानं तिचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि आंदणात मुंबई गेली. गोव्यातल्या व्हाइसरॉयनं ती देऊ नये म्हणून परोपरीनं आडकाठी केली, तरी १६६५ मध्ये बेट इंग्रजांच्या हाती आलं. १६६८ मध्ये राजानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकलं. कॅथरिनला मूल झालं नाही, नवऱ्याच्या दरबारात मान फारसा मिळाला नाही. विधवा झाल्यावर ती इथे परतली, काही काळ भावाच्या वतीनं राज्यही चालवलं, आणि १७०५ च्या शेवटच्या दिवशी गेली. मुंबई तिनं कधी पाहिली नाही.

मी रोज विरारची लोकल पकडून ज्या शहरात नोकरीला जाते, ते जिच्या आंदणात गेलं तिच्यासमोर मी उभी होते. दालनात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आई म्हणाली, "बिचारी, तेवीस वर्षांची होती लग्नात." तिनं पदर सारखा केला आणि नमस्कार केला.

रात्री मोरारिया वस्तीतल्या एका छोट्या गोवन खानावळीत जेवलो. मालकीण बाईंच्या घरचे मडगावचे, मोझांबिकमार्गे इथे आलेले. लिस्बनचे पूर्वीचे महापौर आणि नंतर पंतप्रधान झालेले आंतोनिउ कोस्ता यांचं मूळही गोव्याचंच. त्यांना घरात कोंकणीतलं 'बाबुश' हे लाडकं नाव. बाईंनी विचारलं, "तुमी खंयचीं?" आई म्हणाली, "वसईचे." पुढचा तासभर एक कोंकणीतून आणि एक मराठीतून बोलत होती. माशाची आमटी आणि भात. चार दिवसांनी भात बघून आई पहिल्यांदा पोटभर जेवली.

रविवार, ५ नोव्हेंबर

दुपारचं विमान. सिंत्राचे राजवाडे राहिले, किल्ला राहिला, फाडू गाण्याची रात्र राहिली. आईला नऊला झोप येते, आणि तिला फरपटत नेण्यापेक्षा ते राहू द्यावं असं मी ठरवलं होतं.

सकाळी बॅगा भरता भरता ती म्हणाली, वाटेत खायला काहीतरी घेऊ. मी जिन्यावर बॅगा उतरवत होते तोवर ती एकटीच खालच्या बेकरीत गेली. मी पोचले तेव्हा रांगेत तिचा नंबर आला होता. तिनं दोन बोटं वर केली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "दोन पाव द्या."

बेकरीवाल्यानं मागे वळून कागदी पिशवीत दोन पाव घातले. गरम होते. विमानतळाच्या मेट्रोत आम्ही ते मोडून खाल्ले.